चाळणमावशीची पिवळी माती

आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणमावशी म्हणायचे. हजेरीच्या वहीत तिचं वेगळं नाव होतं, पण ते सही करण्यापुरतंच. शेताशेतांतून कापडी पिशव्यांत माती यायची. ती ट्रेमध्ये पसरून सावलीत वाळवायची, ढेकळं लाकडी ठोकळ्याने फोडायची, खडे-मुळं वेचायची आणि मग बारीक चाळणीतून चाळून डब्यात भरायची, हे तिचं काम. एकवीस वर्षं तिने तेच केलं.

मी तिथे कारकून होते. नमुना आला की क्रमांक द्यायचा, चिठ्ठी चिकटवायची, तपासणी झाली की अहवाल टाइप करायचा. माझ्या टेबलापासून तिची चाळायची खोली सहा पावलांवर. पहिले चार महिने मी तिला ‘तुम्ही’ म्हणायचे. एकदा तीच वैतागून म्हणाली, “मावशी म्हणतेस आणि वर तुम्ही कसली म्हणतेस? एक काहीतरी ठरव.” तेव्हापासून मी तिला ‘तू’ म्हणू लागले.

स्वभावाने ती महाचिंताळू. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायची, जिना उतरून पुन्हा वर जाऊन चौथ्यांदा ओढायची. मी दहा मिनिटं उशिरा आले तर दारातच उभी. “मला वाटलं, झालं काहीतरी!” मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण तिला बघूनच कुणीतरी केली असावी, असं तिचे यजमान म्हणायचे. ते घड्याळं दुरुस्त करायचे. खिडकीजवळ एक टेबल, डोळ्याला भिंग, समोर उघडलेलं घड्याळ. दिवसाकाठी वीसेक वाक्यं बोलणारा माणूस. मी त्यांना काका म्हणायचे.

तपासलेली माती तीन महिने ठेवायची आणि मग मागच्या खड्ड्यात टाकून द्यायची, असा आमचा नियम होता. टाकायचं काम मावशीचंच. सेहेचाळिसाव्या वर्षी एकदा असेच डबे रिकामे करत असताना तिच्या हातात जांभळट तपकिरी रंगाची माती आली. तिने ती टाकली नाही. का, ते तिलाही सांगता आलं नाही. “टाकवेना गं,” एवढंच म्हणाली. औषधाच्या रिकाम्या बाटलीत तिने ती भरून घेतली. मग विटकरी, मग राखाडी, मग एक फिकट गुलाबी. वर्षभरात चाळीस बाटल्या झाल्या. शाळा सुटल्यावर हातात पेन्सिल न धरलेली ही बाई टाकाऊ अहवालांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढू लागली.

माती नुसती पाण्यात कालवली की रंग होत नाही, हे तिला हळूहळू कळलं. आधी ती पाण्यात ढवळायची. वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. ते निवळू द्यायचं. तळाशी जो मऊ साका उरतो, तो वाळवायचा, काचेवर सपाट दगडाने घोटायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि थेंबभर मध घालायचा. डिंक जास्त झाला की चित्राला भेगा पडायच्या, कमी झाला की रंग बोटाला यायचा. पहिल्या दोन वर्षांतली जवळजवळ सगळी चित्रं तिने फाडली. एका पावसाळ्यात घोटून ठेवलेल्या सगळ्या रंगांना बुरशी आली, तेव्हा ती ऑफिसात येऊन नमुन्यांच्या पिशव्यांवर बसून रडली. पण संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही वेळ तिने सोडली नाही. पाहुणे आले तरी नाही. “दोन तास मला काही होत नाही,” ती म्हणायची. म्हणजे काय, ते मला फार नंतर कळलं. त्या दोन तासांत तिला कशाची भीती वाटायची नाही.

चित्रं काढायची ती साधीच. वाळत घातलेले ट्रे, जिन्याची पायरी, काकांचा पाठमोरा खांदा. पण बघताना माणूस थांबायचा. त्यांच्या इमारतीतली मुलंही थांबू लागली आणि मग रविवारी सकाळी गच्चीवर सात मुलं तिच्याभोवती बसू लागली. वर्ग वगैरे काही नव्हता. ती काचेवर रंग घोटायची, मुलं रंगवायची.

त्या सातांत समोरच्या दारातली चिमणी होती. सहा वर्षांची, नावासारखीच, सारखी टिवटिव. तिची आई शिवणकाम करायची आणि रविवारचे दोन तास मशीनवर निवांत बसता येतं म्हणून मावशीला दुवा द्यायची. चिमणीला एक खोड होती. ब्रशाचं टोक सुटलं की ती ते ओठांत धरून टोकदार करायची. मावशी ओरडायची, “अगं, थुंक आधी!” चिमणी हसायची आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा तेच.

मावशीकडे सगळे रंग होते, फक्त खणखणीत पिवळा नव्हता. शेतातल्या मातीत पिवळा म्हणजे मळका पिवळा. त्या वर्षी गावाबाहेरचा रस्ता रुंद करायला एका पडक्या शेडमागचा उंचवटा कापला. बसमधून जाताना तिला खिडकीतून तो काप दिसला. पुढच्याच थांब्याला उतरली, मागे चालत गेली आणि डब्याच्या झाकणाने खरवडून रुमालभर माती घेऊन आली. दुसऱ्या दिवशी मला दाखवली. पिकलेल्या लिंबासारखी होती. “बघ,” ती म्हणाली, “पाच वर्षं वाट बघायला लावलीन.” मी तिला इतकी खुश कधी बघितली नव्हती. पुढचे आठ रविवार गच्चीवर सूर्य, सूर्यफुलं, बदकांची पिल्लं, सगळं पिवळंच पिवळं चाललं होतं.

एका मंगळवारी ती उशिरा आली. चेहरा उतरलेला. “चिमणीला दवाखान्यात नेलंय. रात्रीपासून पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत.”

“मुलांचं असंच असतं, काहीतरी खाल्लं असेल,” मी म्हटलं.

दुपारी आम्ही जेवणाचे डबे उघडले तेव्हा आमचा ड्रायव्हर पाणी भरायला आत आला. तो त्या भागातलाच. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला विचारलं, “त्या रुंद केलेल्या रस्त्याच्या बाजूला काय सुंदर पिवळी माती निघाली आहे, बघितलीत का?”

“कुठे, पडक्या शेडच्या मागे?” तो म्हणाला. “अहो, तिथे बॅटऱ्यांचं वर्कशॉप होतं. जुन्या बॅटऱ्या फोडायचे, आतलं शिसं वितळवायचे. आम्ही लहान असताना घरचे गुरांना तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. दोन म्हशी मेल्या होत्या.”

तो बाटली भरून निघून गेला. मावशीचा घास हातातच राहिला. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं. ती उठली, हात धुतले, परत धुतले, परत धुतले. मग पर्समधून रंगाची छोटी डबी काढून तडक रसायनवाल्या मॅडमकडे गेली.

मॅडम आमच्याकडच्या सर्वांत अनुभवी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “शिसं मोजायचं यंत्र आपल्याकडे आहे, पण त्यातला शिसं ओळखणारा खास दिवा गेला आहे. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. मी आजच पाठवते. शुक्रवारी कळेल.”

“आज मंगळवार आहे, मॅडम.”

“हो. आणि अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. घाबरू नका.”

मावशीला ‘घाबरू नका’ सांगणं म्हणजे पाण्याला ‘ओलं होऊ नकोस’ सांगणं. ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. “ती ब्रश तोंडात घालते गं. आठ रविवार. मी रंग घोटून तिच्या हातात दिला. माझ्या हाताने.”

आता इथे मला माझंही सांगितलं पाहिजे. मी तिला म्हटलं, “शुक्रवारपर्यंत कुणाला काही बोलू नकोस. नसेलच त्यात काही, तर उगाच सात घरांत आग लागेल. आणि तुझं नाव कायमचं खराब होईल ते वेगळंच.” मला ते शहाणपणाचं वाटत होतं. मी तिची काळजी करत होते, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला त्या सात घरांची भीती वाटत होती.

काकांनीही तेच सांगितलं म्हणे. “अहवाल येऊ दे. तीन दिवसांचा तर प्रश्न.”

ती म्हणाली, “तुमचं घड्याळ तीन दिवस बंद ठेवता येतं हो. तिचं पोट कसं ठेवणार?”

बुधवारी सकाळी तिचा मला फोन आला. “मी दवाखान्यात चालले आहे. येतेस का? एकटीने पाय उचलत नाहीत.” मी गेले. बसमध्ये तिने माझं मनगट असं धरलं होतं की उतरल्यावर बोटांचे वळ दिसत होते. सगळ्या वाटभर ती एकच वाक्य पुटपुटत होती. काय बोलायचं त्याची तालीम. “माझ्या रंगात शिसं असू शकतं. माझ्या रंगात शिसं असू शकतं.”

मुलांच्या वॉर्डाबाहेर लांब बाक होता. चिमणीची आई तिथे बसली होती, दोन दिवसांचे तेच कपडे, केस विस्कटलेले. मावशीला बघून तिचा चेहरा जरा उजळला. “काकू, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? ती तुमचीच आठवण काढत होती.”

हे ऐकून मावशीची सगळी तालीम फुकट गेली. मला वाटलं, आता ही परत फिरणार. मग तिने घसा खाकरला आणि सांगितलं. माती कुठून आणली, ड्रायव्हर काय म्हणाला, नमुना पाठवला आहे, अहवाल यायचा आहे. सगळं एका दमात. “अजून नक्की नाही. पण डॉक्टरांना आजच कळायला पाहिजे. म्हणून आले.”

चिमणीची आई अगदी हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे मी इकडे मशीन चालवत बसले होते आणि तुम्ही वर माझ्या पोरीला विष चाटवत होतात?”

“मला माहीत नव्हतं गं.”

“माहीत करून घ्यायचं होतं! तुम्ही मातीच्या ऑफिसात काम करता ना?”

मावशीने मान खाली घातली. एवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. मावशीने त्यांना थांबवून तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी माती आणलेली जागा लिहिलेली चिठ्ठीसुद्धा दिली. डॉक्टरांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “बरं झालं सांगितलंत. रक्त तपासायला पाठवते. आणखी किती मुलं होती?”

“सहा.”

“त्यांनाही आणायला सांगा.”

त्या संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात मावशीने इमारतीतली सहा दारं वाजवली. काका बरोबर गेले होते, प्रत्येक दाराशी तिच्या मागे एक पायरी खाली उभे. एका घरात हसून म्हणाले, “अहो, आम्ही लहानपणी माती खाऊनच मोठे झालो.” एका घरात आजोबांनी तिला आत बसवून पाणी दिलं. एका बाईने ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हटलं आणि दार बंद केलं. आतून मुलाला धपाटा बसल्याचा आवाज आला. चौथ्या मजल्यावरचा बाप जिन्यात येऊन इतका ओरडला की वरखाली सगळ्यांना कळलं, उरलेल्या दोन घरांना वेगळं सांगायची गरजच उरली नाही. तरी ती तिथेही गेली.

गुरुवारी चिमणीचं ऑपरेशन झालं. अपेंडिक्स निघालं. फुटायच्या बेतात होतं, वेळेत काढलं. पोटदुखीचा आणि रंगाचा काही संबंध नव्हता. मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसात तिच्यापुढे टाळीसाठी हात केला. “बघ! मी सांगत होते ना? उगाच जिवाला घोर लावून घेतलास!”

मावशीने टाळी दिली नाही. “शुक्रवार अजून व्हायचा आहे,” म्हणाली.

शुक्रवारी मॅडमनी तिला आत बोलावलं. मलाही. कागद टेबलावर होता. मातीत शिसं होतं, थोडंथोडकं नाही, मुलांनी हाताळायच्या मातीत चालतं त्याच्या अकरा पट. “पिवळेपणा मातीचा स्वतःचा आहे,” मॅडम म्हणाल्या. “शिसं वरून मुरलेलं. डोळ्यांना कळलंच नसतं.” आठवड्याने रक्ताचे अहवाल आले. पाच मुलं ठीक होती. चिमणी आणि एक मुलगा, दोघांच्या रक्तात असायला हवं त्याहून थोडं जास्त होतं. डॉक्टर म्हणाल्या, औषध लागण्याइतकं नाही, स्पर्श थांबला की उतरेल, दोन महिन्यांनी पुन्हा बघू. “चार-सहा महिने हे असंच चाललं असतं तर मात्र गोष्ट वेगळी होती.”

म्हणजे तिची भीती एका परीने खोटी ठरली आणि एका परीने अगदी खरी. असं झालं की माणसाला सुटल्यासारखंही वाटत नाही आणि धड रडताही येत नाही.

मावशीने चित्रं काढणं बंद केलं. बाटल्या खोक्यात भरून पलंगाखाली सरकवल्या. काच पुसून आरशामागे ठेवली. ती पिवळी माती मात्र मॅडमना विचारून, प्लास्टिकमध्ये बंद करून, प्रयोगशाळेच्या विषारी कचऱ्यात स्वतः नेऊन टाकली. मग ती महापालिकेच्या कार्यालयात त्या जागेबद्दल अर्ज घेऊन गेली. तीन वेळा गेली. आठ महिन्यांनी तिथे तारेचं कुंपण झालं आणि पाटी लागली. पण चित्रांचं नाव नाही. संध्याकाळी साडेपाचला ती बाल्कनीत नुसती उभी राहायची. चिमणी खाली खेळताना दिसली की मागे सरायची. समोरच्या दाराची कडी वाजली की आपलं दार उघडता उघडता थांबायची. कुलूप आता सहा वेळा ओढायची.

एके दिवशी काका माझ्याकडे ऑफिसात आले. असे कधी यायचे नाहीत. खुर्चीवर टेकले, टोपी मांडीवर ठेवली. “तुला एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “ती परत सुरू कशी करील? मला घड्याळातलं कळतं. यातलं कळत नाही.”

मलाही कळत नव्हतं. मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी तिला सल्ला दिला नाही, काम दिलं. “आपल्याकडे नमुन्याबरोबर जो फॉर्म येतो, त्यात जागेचा इतिहास विचारतच नाही. आधी तिथे काय होतं, काय साठवायचे, काय जाळायचे. तुम्ही प्रश्न काढा. तुमच्याइतकं कुणाला सुचणार नाही.”

हे खरंच होतं. वाईटातलं वाईट काय असू शकेल, याचा विचार करण्यात मावशीचा हात कोण धरणार? आठवडाभर बसून तिने एकोणीस प्रश्न काढले. मॅडमनी त्यातले सहा घेतले. मी ते टाइप केले. आजही आमच्या फॉर्मवर ते आहेत.

त्या फॉर्मचं काम संपलं त्या आठवड्यात तिने खोकं बाहेर ओढलं. सगळ्या बाटल्या ओळीने मांडल्या आणि एकेकीबद्दल स्वतःच्या वहीत लिहायला बसली: कुठली, कुणाच्या शेतातली, आधी तिथे काय होतं. जिथे सांगता आलं नाही, ती बाटली बाजूला. एकशे बारातल्या एकोणसत्तर उरल्या. दिवा दुरुस्त झाल्यावर मॅडमनी त्याही तपासून दिल्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मावशी पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती. पण काच पुन्हा टेबलावर आली. पहिल्या दिवशी तिने फक्त रंग घोटला. कागद घेतला नाही. काकांनी घरी आल्यावर घोटण्याचा आवाज ऐकला आणि ते बाहेरच जिन्यात बसून राहिले, आत गेले तर थांबेल म्हणून.

चिमणीच्या आईने पाच महिने तिच्याशी अबोला धरला होता. दुसरी रक्ततपासणी ठीक आली तेव्हाही ती फक्त कागद दाखवून गेली. त्यानंतर केव्हातरी एका रविवारी तिने दार वाजवलं. मागे चिमणी. “ही रोज डोकं खाते,” ती म्हणाली. “येईल ती. पण मी समोर बसणार.”

“बस ना,” मावशी म्हणाली. “मलाही बरं वाटेल.”

आणि ती खरोखर बसली. हाताची घडी घालून, नजर मुलीच्या ब्रशवर. चिमणीचा हात तोंडाकडे गेला की दोघी एकदम ओरडायच्या. सातांपैकी तीनच मुलं परत आली. चौथ्या मजल्यावरचा बाप अजूनही जिन्यात भेटला की दुसरीकडे बघतो. मावशीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. “त्याचा मुलगा आहे,” म्हणते.

आता ती निवृत्त झाली आहे. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा काचेवर राखाडी रंग घोटत होती आणि कपाळाला आठ्या. तिच्या एका चित्राला गावातल्या वाचनालयाने दर्शनी भिंत दिली आहे, जिन्याएवढ्या उंचीची. त्यामुळे जिवाला नवा घोर. रंग पुरेल का, भिंत ओल धरेल का, लोक हसतील का.

मी काचेच्या कडेला सुकलेला रंगाचा नमुना बघून म्हटलं, “छान झालाय गं.”

“तुला सगळंच छान वाटतं,” ती म्हणाली आणि पात्याने खरवडून तो रंग पुन्हा भिजत घातला.